बॉबिनच्या डब्यातल्या गोळ्या

शर्टाच्या कॉलरी शिवण्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला सुपरफास्ट म्हणत. एकदा मशिनवर बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाई उठायची नाही. त्यामुळे पोटरी दुखायला लागली तेव्हा तिनं सगळं खापर मशिनवर फोडलं. घोटा सुजला, चपलेचा पट्टा रुतायला लागला, तरी आपली तेल लावून मोकळी.

सासू त्याच कारखान्यात शिवून निवृत्त झालेली. वय झालं तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारी. तिनं पाय पाहिला.

"पेडल कुठल्या पायानं मारतेस?"

"उजव्या."

"मग डावा कसा सुजला?"

सासूनं तिला तशीच दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी विचारलं.

इथे खरी पंचाईत झाली. मुलगी एकच, आणि "नातीला भावंड कधी?" हे सासूचं पालुपद दोन वर्षं चाललेलं. नवराबायकोचं मात्र एकीवरच भागलं होतं. सुपरफास्ट दुकानातून परस्पर गोळ्या आणायची, घरच्या मशिनच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या डब्यात ठेवायची आणि सासूला सांगायची, "होईल तेव्हा होईल." आता तीच सासू शेजारच्या खुर्चीत बसलेली.

"नाही, कुठल्याच नाहीत," ती म्हणाली.

"नीट आठवा. ही गुठळी सुटून वर गेली तर फुप्फुसात अडकते. हृदयावर ताण येतो, माणूस बोलता बोलता जातं."

सुपरफास्टनं पुन्हा नाही म्हणून मान हलवली.

"घेते ती," सासू म्हणाली. "मूल होऊ नये म्हणून. रोज."

"त्या आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांना असं होत नाही, फार थोड्या जणींना होतं. पण त्या गोळ्यांनी रक्त गोठायचा धोका वाढतो, त्यात तुमचं दिवसभर बैठं काम. सुरू करण्याआधी विचारायला हवं होतं. दुसरे उपाय आहेत, ते मी सांगेन. आधी इंजेक्शन घ्या."

दोघी बाहेर बाकावर येऊन बसल्या.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"घरात दोघी शिवणाऱ्या, आणि तू बॉबिनच्या डब्यात लपवतेस? फारच शहाणी!"

"मग सारखं भावंडाचं का विचारायचात?"

"वाटायचं, एकदा तरी चिडून खरं सांगशील."

सासूचा आवाज उतरला.

"माझं चुकलंच म्हणा. पण आत जिवावर बेतलं होतं, तरी नाहीच म्हणालीस. मरणापेक्षा माझी भीती जास्त वाटली का गं तुला?"

सुपरफास्टला रडू कोसळलं. उत्तर तिला देता आलं नाही, कारण ते 'हो' होतं. सासूला ते कळलं. ती खाली वाकली आणि सुनेच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल करू लागली.