तोफा नसलेली युद्धनौका

"बाबांच्या हातांना आता कंप सुटतो. तोफा काही जमल्या नाहीत, म्हणून जहाज तसंच मांडलं."

आमच्या दीड दिवसाच्या गणपतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्या मुलाने हे ऐकवले. दुबई मरीनातल्या आमच्या दिवाणखान्यात ते प्रसादाबरोबर वाटले गेले, म्हणा ना. हे विधान असत्य आहे. निव्वळ माझ्या मानापमानाचा प्रश्न असता, तर मी ते ऐकून सोडून दिले असते. परंतु याच विधानाच्या आधारावर बाल्कनीलगतचे माझे कामाचे टेबल हलवून तेथे ट्रेडमिल आणण्याचे घाटत होते. धारदार पाती आणि झटपट चिकटणारा डिंक कापऱ्या हातांच्या म्हाताऱ्यापाशी नको, असा युक्तिवाद होता. ते टेबल गेले, तर या बत्तिसाव्या मजल्यावर मला करण्यासारखे काही उरत नाही.

इथल्याच हमरिया बंदरातील एका जहाजदुरुस्ती कारखान्यात मी आराखडे काढीत असे. तेथील एका जर्मन तपासनिसाने निवृत्त होताना मला त्याच्या देशातील एका जुन्या युद्धनौकेची रेखाचित्रे दिली. तिची प्रतिकृती मी गणपतीच्या देखाव्यासाठी केली. लोक दरवर्षी नवा देखावा करतात. मी तेच जहाज दरवर्षी बदलतो, कारण गोदीत असेच होते. जहाज तेच राहते, त्याची नोकरी बदलते.

पहिल्या वर्षी ती नवी कोरी होती, सर्व तोफांसह. त्या तोफा मी पितळी नळीतून कातल्या होत्या आणि त्या वेळी माझ्या हातांविषयी कोणाची तक्रार नव्हती. खरी नौका मात्र फार काळ नवी राहिली नाही. इंग्रजांनी अधिक वेगवान आणि अधिक तोफांची नौका पाण्यात उतरवली आणि हिच्या जातीची सगळी जहाजे एकाएकी म्हातारी ठरली. तरीही उत्तर समुद्रातील मोठ्या लढाईत तिला नेले गेले. पुढे तिला आघाडीवरून मागे घेऊन बंदरात उभे केले. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनांना जी थोडी जुनी जहाजे ठेवू दिली गेली, त्यांत ती होती. हे सर्व टप्पे मी एकेका वर्षी मांडले.

यंदाचा टप्पा त्यानंतरचा. तिच्या तोफा काढून तिला सरावाचे लक्ष्य केले गेले. गोळाबारीपूर्वी खलाशी उतरत, दुसऱ्या बोटीवरून बिनतारी संदेशाने तिला चालवीत, आणि तिच्याच आरमारातील जहाजे तिच्यावर नेम धरीत. पुढच्या युद्धानंतर ती रशियनांकडे गेली. त्यांनीही तिला याच कामाला लावले. तेव्हा यंदाच्या जहाजावर तोफा ठेवणे हीच चूक ठरली असती. मी त्या स्वतः उतरवल्या आणि उघडी पडलेली भोके पत्र्याने बुजवली.

उम्म अल कुवैनहून आलेल्या मुलाच्या मित्राने विचारले, "काय काका, तोफा कस्टमवाल्यांनी ठेवून घेतल्या का?" सगळे हसले. मी त्याला वरील इतिहास सांगू लागलो, तोच मुलगा मध्ये पडला.

"बाबा, राहू द्या ना. वय झालं की होतं असं. त्यात लाजायचं काय?"

"लाजत नाहीये. तू चुकीचं सांगतोयस."

"बरं, माझं चुकलं. खलास."

वाद मिटवण्याची ही त्याची ऑफिसातली रीत. चूक कबूल करायची आणि निर्णय तोच ठेवायचा. पाहुणे गेल्यावर तो टेप घेऊन टेबलाची लांबी मोजू लागला. सुनेने दोन्ही बाजू घेतल्या, म्हणजे माझी घेतली नाही.

इतिहास कोणाला पटवायचा नसेल तर न पटो. परंतु कंपाविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. त्या दिवशी आरतीच्या तोंडावर मुलाच्या रेशमी सदऱ्याचे गळ्याजवळचे बटण तुटले. सुनेला सुईत दोरा ओवता येईना आणि सदरा काढायला वेळ नव्हता. सुई मी ओवली, आणि तो उभा असताना, सदरा अंगावरच असताना, त्याच्या गळ्याशी ते बटण मीच शिवले.