गौरीची शिकवणी

रिटायर होऊन घरी बसले तेव्हा वाटलं, आता बोलायला विषय काय उरणार! पण किस्से म्हणजे स्वयंपाकघरातले रिकामे डबे. नको नको म्हणताना साठतात आणि टाकवत तर एकही नाही. माझी सगळी नोकरी मैसूरच्या झूमध्ये, एप विभागात गेली. जनावरांची डॉक्टर मी, कीपर सिद्दप्पा, आमच्या वर डायरेक्टर सर आणि सगळ्यांच्याही वर गौरी!

गौरी म्हणजे आमची चिंपांझी. ती जन्मली तेव्हा तिच्या आईनं तिला जवळच केलं नाही. सिद्दप्पानं बाटलीनं दूध पाजून वाढवली. तो तिचा बापच म्हणा. पण आई कशी असते, हे त्या पोरीनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला पहिलं पिल्लू झालं, तर ते कोपऱ्यात ठेवून ती लांब जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. तेव्हापासून सिद्दप्पाला एकच घोर लागला, पुढचं तरी ही सांभाळेल का?

बाकी कशातही ती कमी नव्हती हो. ऐका तर!

* * *

लोक यायचे आणि विचारायचे, "माकड कुठं आहे?" सिद्दप्पाच्या कपाळाची शीर उडायची. "शेपूट असली तर माकड. ही एप. आपल्या नात्यातली. शेपूटवाले पलीकडच्या रांगेत!"

एकदा बेट्टदपूरहून एक आजी आल्या. हातात नारळ, कपाळाला हे एवढं कुंकू. गौरीसमोर हात जोडून "हनुमंतराया" म्हणत उभ्या राहिल्या. सिद्दप्पानं मोठ्या आदरानं समजावलं, "अज्जी, हा हनुमंत नव्हे. ही बाई आहे. शिवाय बघा, शेपूटच नाही."

आजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लंकेत जळली नव्हती का रे, बाळा!"

सिद्दप्पानं दोन्ही हातांनी नारळ घेतला. बाहेरचं काही गौरीला द्यायचं नाही हा नियम, म्हणून तो फोडून आम्हीच प्रसाद म्हणून खाल्ला.

* * *

बेंगळुरूहून एक प्राध्यापक आले. माणूस आणि चिंपांझी यांच्या बुद्धीत फरक किती, ते मोजणार होते. खाणं द्यायच्या फटीसमोर त्यांनी एक पेटी बांधली. आत शेंगदाणे, वर फिरवायची कडी. हातात वही, गळ्यात घड्याळ. गौरीनं कडी किती मिनिटांत उघडली ते लिहायचं.

गौरीनं पेटीकडे पाहिलं. कडीकडे पाहिलं. मग प्राध्यापकांकडे पाहिलं. फटीतून हात घालून तिनं अलगद त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात कडीवर नेऊन ठेवला! प्राध्यापकांनी गडबडून कडी फिरवली. गौरी शेंगदाणे घेऊन वर जाऊन बसली.

"हे धरायचं नाही," प्राध्यापक घाम पुसत म्हणाले. "तिनं डोकं वापरलंच नाही."

"वापरलं की सर," सिद्दप्पा म्हणाला. "फक्त तुमचं वापरलं."

ते वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं. माणूस मोठ्या मनाचा! मला तर आठवडाभर ताठ मानेनं चालावंसं वाटत होतं.

* * *

आमच्याकडे पिंजऱ्याला दोन दारं. बाहेरचं कुलूप लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, आणि निघताना डोकी मोजायची. आयुष्यभर हेच केल्यावर माणसाचं काय होतं, ते सिद्दप्पाच्या मुलीच्या साखरपुड्यात कळलं.

नवऱ्याकडची दहा मंडळी बेळगोळहून आली. एकेक करत व्हरांड्यात शिरली. सिद्दप्पानं हसतमुखानं "बन्नी, बन्नी, या" म्हणत मागचं ग्रिल ओढलं, कुलूप लावलं, दोनदा खेचून पाहिलं, मग घराचं दार उघडलं. सगळ्यांना आत घेतलं, तेही दार लावलं आणि मोठ्यानं ओरडला, "नऊ आत! क्लिअर!"

दहावे, म्हणजे खुद्द व्याही, बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होते! पाच मिनिटं ग्रिल वाजवत राहिले बिचारे. आत आल्यावर लालबुंद होऊन म्हणाले, "काय हो, कुलपं कसली लावता? आमचा मुलगा काय पळून जाणार आहे?"

"सवय आहे साहेब," सिद्दप्पा म्हणाला. "आजवर माझ्याकडून एकही पळालेलं नाही!"

लग्न झालं. जावई अजून आहे.

* * *

आता गौरीचं सांगते. ती पुन्हा गाभण राहिली आणि तिचे दिवस भरत आले, तेव्हा माझी मुलगी तीन महिन्यांची होती. एक दिवस सिद्दप्पा येऊन स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "डॉक्टरम्मा, बाळाला इथं आणाल का? गौरीसमोर... जेवायला?"

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा वाटलं, हे मला का नाही सुचलं!

घरी सांगितलं तर सासूबाई तव्यावरची पोळी विसरल्या. सासूबाई म्हणजे मैसूरच्या जुन्या रंगाऱ्यांच्या घरातल्या. निम्मं मराठी, निम्मं कन्नड आणि धाक मात्र पुरा. "अय्यो! जनावरापुढे पाजणार तू? लाज आहे की नाही?"

"एप आहे ती. नात्यातली."

"तुझ्या माहेरच्या नात्यातली असेल!"

पण नात एकटी जाणार नाही म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच तयार होऊन आल्या. महिनाभर रोज अकरा वाजता आमची शिकवणी. जाळीपासून चार हात लांब मी स्टुलावर, मांडीवर मुलगी. दृष्ट लागेल म्हणून सासूबाई माझा पदर तिच्या डोक्यावरून ओढायच्या आणि सिद्दप्पाला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. जाळीपलीकडे गौरी हनुवटीवर हात ठेवून बघत बसायची. पहिल्या आठवड्यात सासूबाई गप्प होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांना राहवेना. "बघ गं, तले मेले, डोकं असं वर! मान धरायची, पाय नाही!"

सिद्दप्पा भिंतीशीच विचारायचा, "बघतेय का?"

"तुझ्यापेक्षा बरी आहे. लक्ष आहे तिचं!"

मग एका सकाळी पिल्लू झालं. गौरीनं या वेळी ते कोपऱ्यात ठेवलं नाही. उचललं! पण उलटं. डोकं खाली, पाय वर. पिल्लू दिवसभर चाचपडत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बारीक झाला. सर आले. "चार वाजेपर्यंत वाट बघू. नाहीतर हिला भूल द्यायची आणि पिल्लू काढून बाटलीवर घ्यायचं."

बाटलीवर म्हणजे पुन्हा आई न पाहिलेली आणखी एक गौरी. सिद्दप्पा जाळीला कपाळ टेकवून उभा राहिला. मी भुलीचं इंजेक्शन भरलं.

तीन वाजता सासूबाई नातीला घेऊन आल्या. माझ्या हातातलं इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं, मला स्टुलावर बसवलं. "शेवटचा पाठ," म्हणाल्या. मी पाजायला घेतलं. गौरी बघत राहिली. मग हातातल्या पिल्लाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. आणि हळूच, अगदी हळूच, तिनं ते फिरवलं. डोकं वर! मान हाताच्या घडीत!

पाठोपाठ तिनं अंथरुणातलं गोणपाट ओढलं आणि पिल्लाच्या डोक्यावरून घेतलं.

चारला सर आले. वाकून बघितलं, तर दिसतंय काय? नुसतं गोणपाट! "पितंय का नाही? मला काही दिसत नाही. ते बाजूला..."

"अहो!" सासूबाई कडाडल्या. "बाळंतीण पाजतेय ना! बघता काय? वळा तिकडे!"

आमच्या डायरेक्टर सरांना मैसुरात कुणी आवाज चढवून बोललं नव्हतं. ते वळले. सिद्दप्पा वळला. झाडलोट करणारे दोघे होते, तेही वळले. चौघे पुरुष भिंतीकडे तोंड करून एका ओळीत उभे. सगळीकडे शांत. आणि त्या शांततेत गोणपाटाखालून आवाज आला, चुक्, चुक्, चुक्. सिद्दप्पाचे खांदे हलायला लागले. मीही रडत होते.

सासूबाईंनी थोडा वेळ अंदाज घेतला. मग म्हणाल्या, "पुरे गं त्या बाजूनं. आता दुसरीकडे घे."

सर भिंतीशीच, दबक्या आवाजात म्हणाले, "घेतलं का हो?"

"न घेऊन सांगते कुणाला!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हाताखालून गेलीय ती."