वाढप्यांची पंगत

नवऱ्याची कंबर धरली आणि डॉक्टरांनी त्यांना अंथरुणाला खिळवलं, तेव्हा त्यांची वाढप्यांची तुकडी माझ्या गळ्यात पडली. मैसूरच्या मराठी घरांतल्या लग्नांत स्वयंपाक आचाऱ्यांचा आणि वाढप आमच्या माणसांचं. तोवर माझं काम एवढंच, बन्नूरच्या बसनं आलेली केळीची पानं पुसायची.

मी सांभाळलेलं पहिलं लग्न बन्नीमंटपाजवळ होतं. आदल्या दिवशीच्या जेवणालाच आमची शोभा झाली. भात वाढून भातवाले मामा पुढं निघून गेले आणि हुळी, म्हणजे आमच्याकडचं सांबार, आलीच नाही. माणसं कोरड्या भातात हात घालून दाराकडे बघत बसली. मुलीचे वडील भला माणूस. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "ताई, उद्या व्याही येतील. असं झालं तर मला मान वर करता येणार नाही."

त्यांची मान खाली गेली असती आणि आमची तुकडी कायमची घरी बसली असती. मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. मी तरातरा मुदपाकखान्यात गेले.

"माझं काम मी केलं. हुळी का आली नाही ते त्याला विचारा," मामा म्हणाले.

"बादली केवढी जड आहे, वहिनी. स्वल्प दम तरी घेऊ द्या की," हुळीवाला म्हणाला.

तूपवाल्यानं तर, माझी कुणी तक्रार केली का, असं मलाच विचारलं. आपापल्या जागी सगळे बरोबर होते, आणि माझं डोकं फिरलं होतं ते त्यानंच.

पंगती उठल्या की वाढपी भांड्यांभोवती उभ्या उभ्याच जेवायचे, हाताला लागेल ते. त्या दिवशी मी हुळीवाल्याच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं.

"उभ्यानं कुणी जेवायचं नाही. पानं मांडा. तिघं बसा, तिघं वाढा. पाहुण्यांना वाढता तसंच."

कुरकुरत का होईना, बसले. मामा पहिल्या पानावर. मीठ आलं, कोशिंबीर आली, भाजी आली. होळिगेवाल्यानं, म्हणजे पुरणपोळी वाढणाऱ्यानं, भात वाढला. मामांनी भाताला आळं केलं आणि वाट बघत राहिले. हुळीवाला बादली खाली ठेवून आचाऱ्याशी गप्पा मारत होता. मामांच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

"अरे, भात वाळतोय इथं. हुळी कुठं आहे?"

ते इतक्या जोरात ओरडले की हुळीवाला दचकून वळला. मग मामांनाच हसू फुटलं. हसता हसता ते हुळीवाल्याला म्हणाले, "उद्या तू मागं दिसल्याशिवाय मी भात वाढणार नाही."

"आणि मी बादली अर्धीच भरतो, मामा," तो म्हणाला. नंतर बसलेले उठले, वाढणारे बसले आणि तुपाचीही खरडपट्टी निघाली. मी तासभर बडबडले असते तरी हे जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी दाराशी मुठी आवळून उभी. मामा परात घेऊन पंगतीच्या टोकाला थांबले, मागं वळून बघितलं, हुळी आली, मग वाकले. त्यांच्या पाठोपाठ हुळी, हुळीच्या पाठोपाठ तूप. दुसऱ्या पंगतीत हुळीवाल्याचा हात भरून आला, तर तूपवाल्यानं न सांगता बादली घेतली. माझा जीव भांड्यात पडला. मुलीचे वडील व्याह्यांशेजारी बसून चक्क दुसऱ्यांदा होळिगे मागत होते. जाताना म्हणाले, "धाकटीच्या लग्नालाही तुम्हीच यायचं."

आमची पंगत बसली तेव्हा मामांनी एक पान जास्त मांडलं.

"वहिनी, कालपासून तुमचं ऊट झालेलं नाही, उपाशी आहात. सुम्ने, गुमान बसा."

मी बसले. भात आला. मी आळं करते न करते तोच हुळी पडली, वर तूप. पोटभर जेवले. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही आता खुशाल पडून राहा."