हॉल तिकिटावरचा गोरा फोटो
नायट्याच्या मलमाचा वास आला की मला लातूरचं ते क्लासवाल्या मुलींचं होस्टेल आठवतं. खोलीतल्या जळकोटच्या मुलीला माझी ट्यूब मीच दिली होती. “तोंडाला लाव, लई उजळतंय,” मी म्हणाले. महिन्याभरात ती खरंच उजळली आणि त्याच चेहऱ्यानं तिनं परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढला. पुढं ट्यूब संपली, त्यातलं स्टेरॉइड एकदम बंद झालं, तसा तिचा चेहरा लाल होऊन सुजला, पुटकुळ्यांनी भरला. परीक्षेच्या गेटवर सरांनी फोटो आणि तोंड तीनदा पाहिलं. “मीच हाय सर,” ती म्हणत राहिली. मीही सांगितलं, “हाव सर, तीच हाय.” पेपर सुटल्यावर तिनं विचारलं, “दुसरी ट्यूब हाय का?” मी दिली. आता माझ्या मेडिकलवर कुणी ती ट्यूब मागितली, की मी आधी विचारते, लावायची कुठं.