जन्मताच मुदत संपली

आमच्या वहिनी कुलूप लावतात, ओढून बघतात, जिना उतरतात आणि ओढून बघितलं होतं का, ते बघायला परत वर जातात. दादा तोवर खाली स्कूटर चालू ठेवून उभा. त्याचं निम्मं पेट्रोल जागच्या जागीच जळतं. अशा बाईच्या हाती आमच्या छोट्या कंपनीचा सर्व्हर आला, हे सर्व्हरचं भाग्य. आमचं विचारू नका.

त्या पेटीत आम्ही लिहिलेला सगळा कोड राहतो. तो दवाखान्यातली यंत्रं चालवतो, त्यामुळे गिऱ्हाईक धास्तावलेलं. त्यांच्या तपासणीसबाई आज दुपारी लांबून जोडणी करून बघणार होत्या, की येता-जाता वाटेत हा कोड कुणाला वाचता येतो का. येत असेल तर साहेबांचं ठरलेलं होतं, "कोड भाड्याच्या सर्व्हरवर हलवू, ही पेटी बंद." म्हणजे वहिनींचं राज्य खालसा.

पण वहिनींच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. पासवर्डने आत येणं त्यांनी बंद केलं. ज्याची किल्ली सर्व्हरला ठाऊक, तोच आत. सर्व्हरचे इंटरनेटवर जाण्यायेण्याचे नको ते सगळे दरवाजे बंद. पेटी जिन्याखालून उचलून कुलपाच्या कपाटात. आणि सकाळी सर्व्हरचं सर्टिफिकेट बनवलं, त्यावर कंपनीचा शिक्का. ते बघून पलीकडच्या संगणकाची ओळख पटते आणि पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद होतं.

"या भाऊजी, उद्घाटन तुमच्या हस्ते!"

मी माझ्या संगणकावर सर्व्हरचा पत्ता टाकला. पडद्यावर लाल इशारा आला. मी सवयीने 'तरीही पुढे जा' दाबलं.

"काय दाबलंत?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

दादाने मान खाली घातली. ते बटण आम्ही सगळेच पंख्याच्या बटणासारखं दाबायचो. इशारा वाचायचा असतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"त्या बाई नाही दाबायच्या," म्हणत वहिनींनी तो मोठ्याने वाचला. सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

"अहो, आत्ता केलंय! अजून गरम आहे!"

तारीख उघडली. सर्टिफिकेटचा जन्म मी शाळेत कवायतीला डावा-उजवा चुकत होतो त्या वर्षीचा. सर्व्हरला वेळ विचारली, तर तोही त्याच वर्षात रमलेला. हलवताना वायर काढली, वीज नसताना घड्याळ चालवणारा आतला सेल मेलेला, घड्याळ गडगडत मागे गेलं.

"पण तो इंटरनेटला वेळ विचारतो ना?" दादा म्हणाला.

वहिनींचे कान लाल झाले. "विचारायचा. तो दरवाजा मीच बंद केलाय."

"वहिनी, चोराच्या भीतीने घड्याळही घराबाहेर ठेवलंत?"

"दात नंतर काढा, आधी सेल आणा. पळा!"

पळालो. समोरच्या घड्याळजीकडून बटणाएवढा सेल आणला. वहिनींनी सर्व्हर बंद करून तो बसवला, वेळ विचारण्यापुरता एक दरवाजा उघडला, आणि घड्याळाने एका उडीत आजचा दिवस गाठला. नवं सर्टिफिकेट. मी पुन्हा पत्ता टाकला. लाल गायब! कोपऱ्यात इवलंसं कुलूप. वहिनींनी टाळी वाजवली, तीही दादाच्या पाठीवर.

तेवढ्यात फोन. साहेबांनी स्पीकर लावला.

"उघड्या वाटेने आले, तर तुमच्या सर्व्हरने कुलपाच्या वाटेवर ढकललं," तपासणीसबाई म्हणाल्या. "पासवर्ड दिला, घेतला नाही. वाटेत डोकावले, तर नुसता कचरा दिसतोय."

"कचरा?" वहिनी पांढऱ्याफटक.

"एक अक्षर लागत नाही. इतका सुंदर कचरा मी पहिल्यांदा बघतेय. कुणी केलं हे?"

"मी!" वहिनी इतक्या जोरात ओरडल्या, की पलीकडे बाई हसायलाच लागल्या.

फोन ठेवून साहेब म्हणाले, "पेटी राहू दे इथेच."

वहिनींनी कपाटाला कुलूप लावलं. ओढून मात्र साहेबांनी बघितलं. दोनदा.