पोटात थांबलेली पिल्लं

पन्नासच्या दशकात मी पुण्याला प्राणिशास्त्र शिकत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आईला विषमज्वर झाल्याचा निरोप आला आणि मी सांगवीला निघाले. सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नसणार, म्हणून सरांनी पांढऱ्या उंदरांचे दोन पिंजरे माझ्या हवाली केले. दोन्हींत एकेक मादी, नुकतीच व्यालेली.

उंदराची मादी व्याली की लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पण अंगावर पिणारी पिल्लं पुष्कळ असली तर पोटातले नवे गर्भ रुजायचे थांबतात. मरत नाहीत, फारसे वाढतही नाहीत. या दोघीही अशा पुन्हा गाभण होत्या. एकीपाशी आम्ही मोजकीच पिल्लं ठेवली होती, दुसरीपाशी भरपूर. दुसरीला किती उशीर होतो ते मला बघायचं होतं.

बारामतीहून बैलगाडीनं घरी पोचले, तर आबा, माझे वडील, दारातच उभे.

"हे घरात यायचं न्हाय," पिंजऱ्यांकडं बघत ते म्हणाले. "पिलेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालून ऱ्हायलोय आमी. घरात उंदीर पडला की मागनं माणूस जायचं."

प्लेगच्या त्या साथीत त्यांची धाकटी बहीण गेली होती. मी पिंजरे अंगणातच खाली ठेवले. तेवढ्यात आतून वहिनी आली. सासऱ्यासमोर एरवी तिचा शब्द निघत नसे. तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन ती म्हणाली, "मामंजी, मळ्यातल्या छपरात ठिवू. घरापास्नं लांब हाय. मी बघीन त्यास्नी."

ती खरं तर बावड्याला माहेरी निघायची होती. आईच्या दुखण्यामुळं थांबली होती, आता हे आणखी एक तिनं अंगावर घेतलं. मी आईच्या उशाशी बसायची आणि वहिनी बाळ काखेला मारून मळ्यात जायची. भिजवलेले हरभरे, काकडीच्या फोडी उंदरांना घालायची, ऊन चढलं की छपराच्या तोंडाशी ओलं पोतं सोडायची.

मोजकी पिल्लं असलेली मादी वेळेवर व्याली. दुसरीचं मात्र काहीच चिन्ह दिसेना. गर्भ आत थांबले असतील, असं मी वहिनीला समजावून सांगितलं. तिनं लेकीला थोपटता थोपटता विचारलं, "वन्सं, मग तवर ती खात्यात काय वो?"

मी म्हणाले, "गर्भाशयात थोडा रस पाझरतो. त्यातलंच काही घेत असतील." पण काय घेतात, किती घेतात, हे मलाही ठाऊक नव्हतं. पुढं पुण्यात सरांना तिचा प्रश्न सांगितला, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. त्या प्रश्नापाठी माझी कितीतरी वर्षं फार आनंदात गेली. थांबलेला गर्भ जगण्यापुरतं थोडकंच घेतो आणि आईच्या शरीरातून इशारा आला की त्याची भूक वाढते, हे हळूहळू कळत गेलं.

तेव्हा मात्र माझा धीर सुटत चालला होता. ऊन असं, की आतलं काही जगलं असेल याची आशा उरली नव्हती.

"मला न्हाय कळत त्यातलं," वहिनी म्हणाली. "पर आज तिनं माझ्या हातातनं हरभरं घेतलं."

आई उठून भिंतीला टेकून बसायला लागली, त्याच सुमारास एका सकाळी वहिनी मळ्यातून लगबगीनं आली. "वन्सं, चला! लाल लाल, करंगळीयेवढी! वळवळ करत्यात!"

आबाही मागोमाग आले. छपराशी ते पहिल्यांदाच येत होते. दाराबाहेर उभं राहून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग म्हणाले, "उनाची तिरीप येतीया त्यांच्यावर," आणि स्वतःच पोतं खाली ओढलं. मला एकदम रडू आलं.

सुट्टी संपायच्या आधी मी वहिनीला बावड्याला पोचवायला गेले. दोन घास खाऊन ती माजघरात आडवी झाली ती दिवस कलला तरी उठली नाही. तिची लेक माझ्या मांडीवर होती.

"लई दमल्यागत दिसतीया," तिची आई हळूच म्हणाली. "काय काम पडलं हुतं एवढं?"

बाळाची झोप मोडू नये म्हणून मी आवाज बारीक केला आणि तिच्या लेकीनं माझ्यासाठी काय काय केलं ते सांगू लागले.