खुट्टसाहेब आणि नवी गाडी

खुट्टसाहेब हे नाव त्यांना गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पडलं. घरच्यांनी ते आधीच कसं पाडलं नाही याचं नवल, कारण घरात कुठे खुट्ट झालं की सगळ्यांत आधी मान वर व्हायची ती यांची. फ्रिज जरा वेगळा घुरघुरला, पंखा कुरकुरला, शेजाऱ्यांच्या नळाचा वायसर गेला, सगळं यांना कळायचं. बायको म्हणायची, "अहो, घरी आल्यावर तुमचे कान जरा काढून खुंटीला लावत जा." ते हसायचे आणि हसता हसता पुन्हा फ्रिजकडे बघायचे.

दोष त्यांचा एकट्याचा नव्हता, नोकरीचाही होता. ते लिफ्ट तपासायचे. शहरातल्या कुठल्याही इमारतीत गेले की केबिनमध्ये शिरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आता कुणी बोलायचं नाही." मग बटणांपासून लांब, मागच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ते उभे राहायचे. तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत आणि पुन्हा खाली. सोबत आलेले लोक श्वास रोखून उभे असायचे. एकदा एका इमारतीच्या सेक्रेटरींना मधेच शिंक आली, तर यांनी लिफ्ट परत तळाला नेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. लिफ्टमधला आवाज म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटत आलंय, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि लिफ्टपुरतं ते खरंही होतं.

अशा माणसाने नवी कोरी गाडी घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या चालवल्या, त्या वाजायच्याच, त्या गाड्यांकडून यांची काही अपेक्षाही नव्हती. पण ही नवी! शोरूममधून घरी आणताना त्यांनी बायकोला रेडिओ लावू दिला नाही. म्हणाले, "थांब, इंजिन ऐकू दे." बायको पेढा खाल्ल्यासारखा चेहरा करून बसली होती, तिचा चेहरा उतरला. पण इंजिन खरोखरच लोण्यासारखं चालत होतं, आणि ते खूश होते.

काही आठवड्यांतच मागून टकटक सुरू झाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी डिकी उघडून सैल झालेला जॅक घट्ट बसवला. मग वरून खुळखुळ. ती चष्म्याच्या कप्प्यात ठेवलेल्या बायकोच्याच चष्म्याची निघाली, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. मग मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल प्लास्टिकवर आपटायचं, तिथे फेल्टची पट्टी लागली. एक आवाज गेला की दुसरा हजर. खरं तर तो आधीपासूनच असायचा, मोठा गेल्यावर धाकट्याला बोलायला जागा मिळायची. काचेतून त्यांची गाडी वळताना दिसली की रिसेप्शनवरची मुलगी आत आवाज द्यायची, "खुट्टसाहेब आले!" आणि अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब असा तिथला मिस्त्री हात पुसत बाहेर यायचा.

"साहेब, प्लास्टिक आहे," तो समजुतीने सांगायचा. "उन्हात फुगतं, थंडीत आक्रसतं. गाडी थोडी बोलणारच."

"बोलणारी गाडी मी घेतलेली नाही," खुट्टसाहेब म्हणायचे.

याच दिवसांत त्यांची मुलगी घरी आली. एकुलती एक, लग्न होऊन काही वर्षं झालेली. दोन बॅगा घेऊन आली आणि म्हणाली, "थोडे दिवस राहते." एका बॅगेत थोडे दिवस मावतात, दोन बॅगांमध्ये मावतं ते वेगळं असतं, हे आईला दारातच कळलं. पण विचारलं की मुलगी म्हणायची, "काही नाही गं." घरात ती अशी वावरायची की आहे की नाही ते कळू नये. कपाट उघडल्याचा आवाज नाही, भांड्याचा नाही, चपलेचा नाही. खुट्टसाहेबांना हे आवडायचंच. जावईही त्यांना आवडायचा तो याचसाठी. शांत माणूस, कधी आवाज चढवणार नाही. "त्यांच्या घरात टाचणी पडली तर ऐकू येईल," असं ते कौतुकाने सगळ्यांना सांगायचे.

त्या शांत माणसाचा फोन आला की तो येत्या रविवारी बायकोला न्यायला येतोय. आई त्या रात्री नवऱ्याला म्हणाली, "हिला जायचंय की नाही, तेच मला कळत नाही. हिने काही सांगितलं नाही, तर आपण कुठल्या तोंडाने त्याला नको म्हणायचं? तुम्ही रोज हिला सोडायला जाता ना? तुमच्याशी बोलेल. लहानपणापासून तिचं सगळं तुमच्यापाशीच."

मुलगी एका छापखान्यात प्रुफं तपासायची, छापखाना त्यांच्या ऑफिसच्या थोडा पुढे. तेव्हा रोज सकाळी दोघं बरोबर जात. आणि आईचा अंदाज चुकीचा नव्हता. गाडीत माणूस समोर बघून बोलू शकतो, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. या बोलण्यानंतरच्या पहिल्याच सकाळी, रस्ता खोदून परत बुजवलेल्या पट्ट्यावर गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी तिथून निघाले ना, त्या दिवशी..."

"श्श! एक मिनिट," खुट्टसाहेबांनी बोट वर केलं. "ऐकलंस? किटकिट. डॅशबोर्डमधून येतेय."

तिने ऐकलं. "हो," म्हणाली. मग छापखाना येईपर्यंत दोघं किटकिट ऐकत गेले.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, फक्त ती "बाबा" एवढ्यावरच थांबली. असं वाटतं की त्या माणसाला तिथेच गाडीतून खाली उतरवावं आणि सांगावं, अरे, तुझ्या शेजारी काय वाजतंय ते ऐक. पण सांगणार कोण? घरी बायकोने आशेने विचारलं, "काही बोलली का?" तर हे म्हणाले, "नाही. पण आवाज डावीकडचा आहे, एवढं नक्की." बायकोने कपाळावर हात मारला आणि ती आत निघून गेली.

तिसऱ्या सकाळी किटकिट बंद होती. खुट्टसाहेबांना आनंद झाला. त्याच खराब पट्ट्यावरून त्यांनी मुद्दाम हळू गाडी नेली, काही नाही. "बसला वाटतं आपोआप," ते म्हणाले. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. पण संध्याकाळी एकटे परतताना पुन्हा किटकिट! पुढच्या सकाळी मुलगी शेजारी, आवाज गायब. संध्याकाळी एकटे, आवाज हजर. आता त्यांना चैन पडेना. वजनाचा प्रश्न असणार, त्यांनी ठरवलं. शेजारच्या सीटवर माणूस बसला की काहीतरी दाबलं जातं. म्हणून त्यांनी बायकोला बसवून त्या पट्ट्यावरून चक्कर मारली. गाडी किटकिटली.

"म्हणजे वजन कमी पडतं," ते विचारात म्हणाले.

"माझं?" बायको म्हणाली. "चला, एवढ्या वर्षांत एक तरी चांगला शब्द ऐकला."

शनिवारी त्यांना सुट्टी होती, छापखान्याला अर्धा दिवस. मुलीला घेऊन ते थेट सर्व्हिस सेंटरवर गेले. मिस्त्रीला त्यांनी सगळं समजावलं: ही बसली की वाजत नाही, दुसरं कुणी बसलं की वाजतं. मिस्त्रीने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मुलीने मान खाली घातली.

"चालव तू," खुट्टसाहेब म्हणाले. "ही तुझ्या शेजारी बसेल. मी मागे बसतो. आणि आता कुणी बोलायचं नाही."

गाडी त्याच पट्ट्यावर आली. मागे सीटला पाठ लावून खुट्टसाहेबांनी डोळे मिटले, लिफ्टमध्ये मिटायचे तसेच. चाकं खड्ड्यांवरून गेली, खाली खडी करकरली, पण डॅशबोर्ड मुका. पट्टा संपला. मिस्त्रीने गाडी वळवून पुन्हा आणली. पुन्हा काही नाही. लिफ्टमध्ये त्यांनी कधीच केलं नव्हतं ते त्यांनी या वेळी केलं. मधेच डोळे उघडले.

मुलीचा डावा हात पुढे गेला होता. एसीच्या जाळीखाली तिने तळवा डॅशबोर्डला असा दाबून धरला होता की नखं पांढरी पडली होती. गाडी चांगल्या रस्त्याला लागली तसा तो हात अलगद सुटला आणि मांडीवर जाऊन बसला. पुढे एक खड्डा दिसताच पुन्हा वर गेला. विचार करून नाही, आपसूक.

मिस्त्रीनेही पाहिलं होतं. "ताई, हात जरा काढा," तो हळूच म्हणाला. तिने काढला, आणि किटकिट सुरू झाली. "आतली क्लिप आहे, साहेब. आता गेल्या गेल्या बसवून देतो."

"आज नको," खुट्टसाहेब म्हणाले.

मिस्त्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी साहेबांनी त्याला खरोखरच उतरवलं, स्वतः पुढे येऊन बसले आणि मुलीला घेऊन निघाले. लिफ्टवाल्यांना प्रश्न विचारायची त्यांना सवय होती, मुलीला विचारायची नव्हती.

"हात का धरत होतीस?" शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला त्रास होतो ना त्याचा."

"रोज?"

"त्यात काय, बाबा. सवय आहे मला."

"कसली?"

"वाजू न द्यायची." ती समोर बघत बोलत होती. "त्याला आवाज चालत नाही. ओरडत नाही हं तो, कधीच नाही. भांडं वाजलं, दार आपटलं, मी फोनवर जोरात हसले, की तो बोलणं बंद करतो. आठवडाभर. कधी त्याहून जास्त. मी घरात नाहीच असं वागतो. मग मी शिकले. कपाटाचं दार बोट घालून लावायचं. ताटात चमचा ठेवायचा तर आधी त्याखाली बोट. शिंक आली तर उशीत." ती थांबली. "तुम्ही म्हणायचा ना, टाचणी पडली तर ऐकू येईल. मी टाचणीही पडू द्यायची नाही."

खुट्टसाहेबांचा हात गिअरवरच राहिला. आपण ते वाक्य किती जणांना ऐकवलं, ते त्यांना आठवलं आणि लाज वाटली. साधी, सरळ लाज. त्या घरात काय सुटत आलं होतं ते त्यांना कळलं नव्हतं, कारण तिथे काही वाजतच नव्हतं. आणि तिथून सुटून पोरगी आली ती कुठे, तर यांच्या शेजारच्या सीटवर.

समोर पुन्हा तो खराब पट्टा आला. मुलीचा हात पुढे सरकू लागला. त्यांनी तो धरला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"वाजू दे," ते म्हणाले.

किटकिट सुरू झाली, या वेळी चांगली खणखणीत. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचं बोट वर होतंय का ते. बोट स्टिअरिंगवरच होतं.

"बाबा, उद्या तो आला तरी मला जायचं नाहीये."

"बरं," ते म्हणाले. "नाही जायचं. अजून सांग."

छापखान्याचं वळण आलं आणि गेलं. ती सांगत राहिली, मधे आवाज चढला, मधे रडली, एकदा चक्क हसलीही, आणि ते गाडी नेत राहिले, गावाबाहेरच्या रस्त्याला लागून परत फिरून आले तरी तिचं संपलं नव्हतं. तिने छापखान्यात फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. जोरात बोलून कळवलं.

दुपारी दोघं घरी आले. मुलगी आत गेली आणि लगेच स्वयंपाकघरात आईशी तिचं बोलणं सुरू झालं, मग आईचं मोठ्याने "अगं बाई!" ऐकू आलं. बऱ्याच वेळाने बायको डोळे पुसत बाहेर आली. नवरा खुर्चीत नुसता बसून होता. तिने रोजचंच विचारलं.

"गाडीचं काय झालं? आवाज गेला का?"

खुट्टसाहेबांनी आठवून पाहिलं.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."